व्हिटर्बी डिकोडर: आधी कागदावर, मग नाविकच्या संदेशावर

उपग्रहाकडून आलेल्या बिटांत चुका असतात हे गृहीत धरूनच संदेश पाठवला जातो. पाठवताना प्रत्येक बिटाची थोडी थोडी छाप पुढच्या अनेक बिटांवर सोडली जाते आणि घेणाऱ्याने त्या छापांवरून मूळ संदेश शोधून काढायचा असतो. छाप सोडणारा एन्कोडर सोपा असतो, दहा ओळींत लिहून होतो. खरे कष्ट डिकोडरला पडतात. तो आतून काय करतो हे ठाऊक नसेल, तर तयार लायब्ररी वापरूनही कचराच हाती येतो आणि चूक कुठे आहे ते कळत नाही.

इथे कन्व्होल्यूशनल कोड आणि त्याचा व्हिटर्बी डिकोडर घेतला आहे. हा कोड पीटर इलायस यांनी १९५५ मध्ये मांडला. तो उलगडण्याची पद्धत अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये दिली. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवर हा कोड होता, जुन्या वायफायमध्ये होता, आणि इस्रोच्या नाविक या दिशादर्शक उपग्रहांच्या संदेशात आजही आहे. आधी चार स्थितींचा छोटा कोड हाताने सोडवू, मग नाविकचा ६४ स्थितींचा कोड घेऊ. पहिला भाग वाचून सोडू नका, पेन घेऊन करा. तो एकदा हातातून गेला की दुसऱ्या भागात नवीन गणित काहीच नाही, फक्त शिस्त आहे.

छोटा कोड

एन्कोडरकडे मागचे दोन बिट लक्षात ठेवायची जागा आहे. नवा बिट आला की तो दोन बिट बाहेर टाकतो. पहिला बिट म्हणजे नवा, त्याच्या मागचा आणि त्याच्याही मागचा, अशा तिघांची बेरीज. दुसरा म्हणजे नवा आणि सर्वांत जुना, या दोघांची बेरीज. बेरीज बिटांची, म्हणजे १ अधिक १ बरोबर ०. पुस्तकांत याला (७, ५) कोड म्हणतात, कारण १११ आणि १०१ हे ऑक्टलमध्ये ७ आणि ५ होतात.

लक्षात ठेवलेले दोन बिट म्हणजे एन्कोडरची स्थिती. ताजा बिट आधी लिहू. अ म्हणजे ००, ब म्हणजे १०, क म्हणजे ०१, ड म्हणजे ११. आता हा तक्ता वहीत उतरवून घ्या:

अ: ० आला तर अ, बाहेर ००. १ आला तर ब, बाहेर ११.
ब: ० आला तर क, बाहेर १०. १ आला तर ड, बाहेर ०१.
क: ० आला तर अ, बाहेर ११. १ आला तर ब, बाहेर ००.
ड: ० आला तर क, बाहेर ०१. १ आला तर ड, बाहेर १०.

संदेश १०११ घ्या. शेवटी दोन शून्ये जोडा म्हणजे एन्कोडर पुन्हा अ वर येतो. या शून्यांना शेपटीचे बिट म्हणतात. अ पासून सुरुवात केली की बाहेर पडते: ११ १० ०० ०१ ०१ ११. वाटेत दोन चुका करू. दुसऱ्या जोडीत १० चे ११ झाले आणि चौथ्या जोडीत ०१ चे ११. हाती आले: ११ ११ ०० ११ ०१ ११. चुका कुठल्या जागी आहेत हे डिकोडरला माहीत नाही.

आता स्थिती उभ्या आणि काळ आडवा मांडून जाळी काढा. तिला ट्रेलिस म्हणतात, म्हणजे वेल चढवायची ताटी. नियम एकच आहे. प्रत्येक स्थितीत येणाऱ्या दोन वाटा पाहा, प्रत्येक वाटेचे आजवरचे अंतर अधिक या पायरीतले अंतर काढा, कमी अंतराची वाट ठेवा आणि दुसरी खोडा. अंतर म्हणजे त्या वाटेने बाहेर पडायला हवे होते ते बिट आणि हाती आलेले बिट यांत किती ठिकाणी फरक आहे ते.

पायरी १, आले ११. अ पासून अ ला अंतर २, अ पासून ब ला ०.
पायरी २, आले ११. अ ४, ब २, क १, ड १.
पायरी ३, आले ००. अ ३ (क कडून), ब १ (क कडून), क २ (ड कडून), ड २ (ड कडून).
पायरी ४, आले ११. अ २ (क कडून), ब ३ (अ कडून), क २ (ब कडून), ड २ (ब कडून).
पायरी ५, आले ०१. शेपटीचा बिट ० आहे, म्हणून फक्त अ आणि क शक्य. अ ३ (अ आणि क दोघांकडून सारखेच, कोणतीही ठेवा), क २ (ड कडून).
पायरी ६, आले ११. अ २ (क कडून).

आता शेवटच्या अ पासून उलटे चाला: अ, त्याआधी क, ड, ब, क, ब, आणि सुरुवातीचा अ. पुढच्या दिशेने वाचले तर ब, क, ब, ड, क, अ. प्रत्येक स्थितीचा पहिला बिट हाच त्या पायरीचा संदेशबिट: १ ० १ १ ० ०. शेपटी टाकली की १०११. शेवटचे अंतर २ आले, म्हणजे डिकोडरने दोन चुका पकडल्या.

पायरी ४ वर जरा थांबा. तिथे अ, क आणि ड तिघांचेही अंतर २ आहे. त्या क्षणी निर्णय घ्यायला लागला असता तर चिठ्ठी टाकावी लागली असती. डिकोडरने तिघांनाही जिवंत ठेवले आणि पुढच्या दोन जोड्यांनी निकाल लावला. व्हिटर्बीचे बळ इथेच आहे, शंका शेवटपर्यंत जपून ठेवण्यात. पुढे सॉफ्ट निर्णयाचा, म्हणजे बिट ० की १ हे लगेच न ठरवण्याचा, मुद्दा येतो तोही याच कारणाने, आणि प्रत्यक्षातल्या बहुतेक चुका होतात त्या कुठेतरी घाईने निर्णय घेऊन टाकल्यामुळे.

मर्यादाही कागदावरच पाहून घ्या. या कोडच्या दोन संदेशमार्गांत किमान ५ बिटांचा फरक असतो, म्हणून कुठल्याही २ चुका नक्की सुटतात. तिसऱ्या चुकीची हमी नाही. सगळी शून्ये पाठवली आणि सुरुवातीला ११ १० ०० असे आले तर खऱ्या मार्गापासून अंतर ३ आहे, पण १०० या संदेशाच्या मार्गापासून (११ १० ११) अंतर २ आहे. डिकोडर चुकीचा मार्ग निवडतो आणि "दोनच चुका होत्या" असे सांगतो. कमी अंतर म्हणजे बरोबर उत्तर, असे नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते, ती पुढे येईल.

नाविकची चौकट

नाविकची सर्वसामान्यांसाठीची सेवा एल५ पट्ट्यात ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आणि एस पट्ट्यात २४९२.०२८ मेगाहर्ट्झवर येते. संदेशाचा वेग सेकंदाला फक्त २५ बिट. कोडिंगनंतर त्याची सेकंदाला ५० चिन्हे होतात, म्हणजे एक चिन्ह २० मिलिसेकंदांचे. संदेशाच्या एका तुकड्यात, म्हणजे सबफ्रेममध्ये, ६०० चिन्हे असतात आणि तिला १२ सेकंद लागतात. पहिली १६ चिन्हे सबफ्रेमची सुरुवात दाखवणाऱ्या ओळखशब्दाची: १११०१०१११००१००००. त्यांवर कोडिंग नसते. उरलेली ५८४ चिन्हे म्हणजे २९२ बिटांचा कोड, त्यातले शेवटचे ६ बिट शेपटीचे, त्याआधीचे २४ सीआरसीचे, म्हणजे संदेश बिघडला आहे का ते तपासायचे.

रिसीव्हर उपग्रहाच्या कोडला कुलूपबंद झाला आहे आणि दर मिलिसेकंदाला एक सहसंबंध मूल्य (सिग्नल अपेक्षित कोडशी किती जुळतो त्याचा आकडा) देतो आहे, इथून पुढे सुरू करू.

पहिले काम चिन्हे बनवण्याचे. चिन्हाची सीमा सापडली की २० मूल्यांची बेरीज करा आणि ती बेरीज तशीच ठेवा. इथेच लोक सवयीने धन आले तर ०, ऋण आले तर १ असे करून टाकतात. तसे केले की जेमतेम शून्याच्या वर असलेले मूल्य आणि ठामपणे धन असलेले मूल्य दोन्ही सारखेच ठरतात. या एका घाईची किंमत सुमारे २ डेसिबल आहे, म्हणजे तेवढ्याच यशासाठी दीडपटीहून जास्त ताकदीचा सिग्नल लागतो. अँटेना बदलून २ डेसिबल मिळवायला बराच खर्च येतो, इथे ते फुकट मिळतात.

मूल्ये −७ ते +७ या पूर्णांकांत बसवा. यापेक्षा बारीक मोजून फारसे हाती लागत नाही, तीन बिटांच्या मोजणीतही आदर्शापेक्षा साधारण पाव डेसिबलच कमी पडते. मोजपट्टी मात्र नीट लावा. मूल्यांचा सरासरी आकार ३ ते ४ च्या आसपास यावा, मोठी मूल्ये ७ वर कापावीत. पट्टी फार ताणली तर सगळीच मूल्ये ७ होतात आणि पुन्हा कठोर निर्णयच, म्हणजे नुसते ० किंवा १, झाला. फार आखडली तर सगळी ० आणि १ मध्ये अडकतात. सिग्नल तुटल्यामुळे एखादे चिन्ह मिळालेच नसेल तर तिथे ० लिहा. अंदाजाने ७ लिहिण्यापेक्षा "माहीत नाही" हे डिकोडरला जास्त उपयोगी पडते.

मग ओळखशब्द शोधा, सरळ आणि उलट अशा दोन्ही रूपांत, कारण कॅरियरचा, म्हणजे संदेश वाहणाऱ्या लहरीचा, पाठलाग करणाऱ्या लूपला १८० अंशांचा फरक कळत नाही. १६ चिन्हे योगायोगाने यापैकी एका रूपात जुळण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये १ आहे. ६०० जागा तपासल्या तर फसण्याची शक्यता जवळजवळ २ टक्के होते. तेव्हा एकदा जुळले की बरोबर ६०० चिन्हांनंतर पुन्हा जुळते का ते पाहा, मगच पुढे जा. उलटे रूप सापडले तर सगळी मूल्ये धनाची ऋण आणि ऋणाची धन करा.

हे पालटणे विसरलात तर डिकोडर तक्रार करणार नाही. नाविकच्या कोडचे दोन्ही जनक, म्हणजे कुठल्या बिटांची बेरीज घ्यायची ते सांगणारे नमुने, ११११००१ आणि १०११०११ असे आहेत आणि दोन्हींत एकांची संख्या विषम, म्हणजे ५ आहे. अशा कोडमध्ये सगळी चिन्हे उलटी केली तरी तोही वैध कोडशब्दच ठरतो, फक्त आतला संदेश उलटा येतो. सुरुवात आणि शेवट शून्य स्थितीला बांधलेले असल्याने टोकांना थोडे अंतर वाढते, मधले सगळे निर्धास्तपणे उलटे निघते. आपल्या छोट्या (७, ५) कोडमध्ये १०१ मध्ये दोनच एक होते, म्हणून तिथे ही फसगत होत नाही.

विणकाम सोडवणे

नाविक ५८४ चिन्हे पाठवण्याआधी ८ ओळी आणि ७३ स्तंभांच्या चौकटीत स्तंभाने भरतो आणि ओळीने वाचतो. हेच विणकाम. आपल्याला उलटे करायचे आहे. ओळखशब्दानंतरचे चिन्ह क्रमांक न (० पासून ५८३) घ्या. न ला ७३ ने भागा, भागाकार ओळ आणि बाकी स्तंभ. मूळ जागा म्हणजे स्तंभ गुणिले ८ अधिक ओळ. पडताळा: चिन्ह ० मूळ जागी ०, चिन्ह १ जागा ८ वर, चिन्ह ७३ जागा १ वर. ८ आणि ७३ ची अदलाबदल ही इथली नेहमीची चूक, आणि तिचा परिणाम पूर्ण कचरा.

हे कशासाठी ते समजून घ्या. समजा एखाद्या अडथळ्याने १ सेकंद सिग्नल गेला. सलग ५० चिन्हे खराब. विणकाम नसते तर डिकोडरच्या सलग २५ पायऱ्या आंधळ्या झाल्या असत्या. त्याच्या एन्कोडरची आठवण फक्त ६ बिटांची, त्यामुळे मधला धागाच तुटला असता. विणकाम सोडवल्यावर तीच खराब चिन्हे एकमेकांपासून ८ जागांवर पसरतात. कुठल्याही ७ पायऱ्यांत, म्हणजे १४ चिन्हांत, फार तर २ खराब. तेवढे हा कोड पचवतो.

६४ स्थितींचा डिकोडर

आता स्थिती ६ बिटांची आहे, ० ते ६३. ताजा बिट सर्वांत वरच्या जागी ठेवू. नवा बिट आला की पुढची स्थिती म्हणजे ३२ गुणिले नवा बिट, अधिक जुन्या स्थितीचा निम्मा (अपूर्णांक सोडून).

तक्ता बनवण्यासाठी प्रत्येक स्थिती आणि नव्या बिटासाठी सात बिटांची संख्या घ्या: ६४ गुणिले नवा बिट, अधिक स्थिती. पहिले चिन्ह काढायला तिचा १२१ शी अँड करा आणि उत्तरातले एक मोजा. विषम असतील तर १. दुसऱ्या चिन्हासाठी तेच ९१ शी. १२१ आणि ९१ म्हणजेच ऑक्टलमधले १७१ आणि १३३.

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. काही लायब्ररी ताजा बिट खालच्या टोकाला ठेवतात. तिथे हेच जनक आरशातल्यासारखे उलटे होऊन ७९ आणि १०९ होतात. एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीच्या रजिस्टरला दिले की एन्कोडर आणि डिकोडर दोन्ही तुमचेच असल्यामुळे स्वतःची चाचणी उत्तम पास होते आणि उपग्रहाचा संदेश मात्र कधीच उघडत नाही. म्हणून पहिली चाचणी अशी करा: एक १ आणि मागे सहा ० एन्कोडरला द्या. बाहेर बरोबर ११ १० ११ ११ ०० ०१ ११ आले पाहिजे. काहीही वेगळे आले तर पुढे जाऊ नका. या ओळीत दहा एक आहेत, आणि या कोडचे किमान अंतरही १० आहे. म्हणजे कठोर निर्णयातही कुठल्याही ४ चुका नक्की सुटतात.

अंतराळ मोहिमांच्या सीसीएसडीएस मानकात हेच जनक आहेत, पण दुसरे चिन्ह उलटे करून पाठवतात. त्या मानकासाठी लिहिलेला डिकोडर उसना आणला असेल तर हे उलटे करणे काढून टाका.

प्रत्येक पायरीचे गणित कागदावर केले तसेच, फक्त अंतराऐवजी गुण मोजायचे आणि जास्त गुणांची वाट ठेवायची. कोडबिट ० म्हणजे +१ आणि १ म्हणजे −१ धरून, वाटेने अपेक्षित असलेल्या चिन्हाला आलेल्या मूल्याने गुणा, दोन्ही चिन्हांचे मिळवा. सुरुवातीला स्थिती ० ला ० गुण, बाकी सर्वांना −१०,०००. स्थिती म कडे येणाऱ्या दोन वाटा कुठल्या? म ला ३२ ने भागून आलेल्या बाकीची दुप्पट ही एक, आणि तीत १ मिळवून आलेली दुसरी. जिंकलेली वाट पहिली असेल तर ०, दुसरी असेल तर १, एवढा एक बिट नोंदवा. या नोंदी २९२ पायऱ्या गुणिले ६४, म्हणजे १८,६८८ बिट, २,३३६ बाइट. साध्या मायक्रोकंट्रोलरमध्येही मावतात, आणि १२ सेकंदांत १८,६८८ तुलना म्हणजे त्याला काहीच नाही.

गुण साठवायला १६ बिटांचा पूर्णांक पुरतो, कारण ५८४ गुणिले ७ म्हणजे ४,०८८. पण मूल्ये −१२७ ते +१२७ अशी घेतलीत तर ७४,१६८ पर्यंत जाता येते आणि १६ बिट ३२,७६७ ला ओसंडतात. चांगल्या सिग्नलवर डिकोडर बिघडतो आणि कमजोर सिग्नलवर चालतो, असे विचित्र लक्षण दिसले तर आधी इथेच पाहा.

शेवटी स्थिती ० पासून उलटे चाला. सर्वाधिक गुणांची स्थिती शोधत बसू नका, शेपटीमुळे शेवट ० लाच आहे. प्रत्येक पायरीत स्थिती ३२ किंवा जास्त असेल तर संदेशबिट १, नाहीतर ०. मग मागची स्थिती म्हणजे ३२ ने भागलेल्या बाकीची दुप्पट अधिक नोंदवलेला बिट. अखंड प्रवाह उलगडताना मर्यादित अंतरच मागे चालतात, साधारण ३५ पायऱ्या, पण नाविकमध्ये संपूर्ण सबफ्रेम हातात असताना तसे करायचे कारण नाही.

खरे उत्तर कशावरून

२९२ बिटांतले शेवटचे ६ टाका. उरलेल्या २८६ वर सीआरसी-२४क्यू चालवा, सुरुवातीचे मूल्य ०. बाकी शून्य आली तरच सबफ्रेम स्वीकारा. २८६ ला ८ ने भाग जात नाही. बाइटवर चालणारा सीआरसी वापरत असाल तर २ शून्ये पुढे जोडून २८८ करा, मागे नाही. सुरुवातीचे मूल्य शून्य असल्याने पुढच्या शून्यांनी उत्तर बदलत नाही. मागे जोडली तर सीआरसीचे बिट बाइटच्या सीमेवर बसत नाहीत.

सीआरसी जुळत नसेल तेव्हा आंधळेपणाने बदल करत बसण्याआधी मिळालेले २९२ बिट पुन्हा एन्कोड करा आणि आलेल्या मूल्यांच्या धन-ऋण खुणांशी ताडून पाहा. किती ठिकाणी फरक आहे ते मोजा. स्वच्छ आकाशाखाली हा आकडा ५८४ पैकी शून्याच्या जवळ हवा. तो ८० ते १२० च्या घरात अडकून बसला असेल तर तो सिग्नलचा दोष समजू नका. जनक, चिन्हांचा क्रम किंवा विणकाम यांपैकी काहीतरी चुकले आहे. निव्वळ गोंधळ दिला तर निम्मी चिन्हे चुकीची निघतील असे वाटते, पण तसे होत नाही. प्रत्येक जोडीतले पहिले चिन्ह तरी जुळेल असा संदेशबिट नेहमी निवडता येतो, म्हणून डिकोडर कुठल्याही कचऱ्यातून पाव भागापेक्षाही कमी फरकाचा मार्ग शोधून आणतो. हा आकडा अगदी कमी असूनही सीआरसी जुळत नसेल तर बिट उलटे आले आहेत का आणि २८६ च्या सीमा बरोबर आहेत का, तेवढेच तपासा. आकडा सबफ्रेमगणिक वरखाली होत असेल, मधूनच सीआरसी जुळत असेल, तर कोड ठीक आहे. मग लक्ष कॅरियर लूपकडे आणि चिन्हांच्या सीमेकडे द्या.

चाचणी याच क्रमाने करा: आधी एका १ ची, मग चुकांशिवाय पूर्ण सबफ्रेम, मग कुठल्याही ४ जागी चिन्हे पालटून, मग सलग ५० मूल्ये ० करून. शेवटच्या चाचणीत विणकामासह सबफ्रेम सुटते. मग विणकाम काढून तीच चाचणी पुन्हा करा, या वेळी ती अडकलीच पाहिजे. अडकत नसेल तर तुमची चाचणीच कुठेतरी चुकते आहे.